ध्यान-प्रार्थनेची साप्ताहिक बैठक: सुरू कशी करावी, टिकवावी कशी

पहिली गोष्ट घड्याळाची. सातला बैठक ठरली असेल तर सातला डोळे मिटायचे, समोर दहा जण असोत की एकही नसो. आमच्या गटाच्या चौथ्याच आठवड्यात खोलीत मी एकटी होते. सात वाजले, घंटा वाजवली आणि नेहमीसारखी मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागले. प्रार्थना संपत आली तेव्हा दार हळूच उघडलं आणि एक बाई आत येऊन मागच्या खुर्चीवर बसल्या. नंतर म्हणाल्या, "कुणाच्या चपला दिसेनात म्हणून परत निघाले होते. तेवढ्यात तुमचा आवाज ऐकू आला." त्या आजही येतात.

अशा बैठका ध्यान जमत नाही म्हणून क्वचितच मोडतात. त्या मोडतात "थोडं थांबूया, अजून येतील" या वाक्याने. वेळेवर आलेल्यांची दहा मिनिटं न आलेल्यांसाठी खर्ची पडली की पुढच्या वेळी तेही घरून दहा मिनिटं उशिरा निघतात. दोन महिन्यांत सातची बैठक साडेसातची होते आणि मग एक दिवस होतच नाही.

घरी एकट्याने ध्यान करता येतं, मग आठवड्यातून एकदा जमायचं कशाला, असं अनेक जण विचारतात. माझं उत्तर साधं आहे. घरी ज्याच्याविषयी करुणा बाळगायची तो माणूस आपल्या कल्पनेतला असतो. बैठकीत तो शेजारी घसा खाकरत बसलेला असतो, उशिरा येतो, बोलायला लागला की थांबत नाही. करुणेचा सराव तिथे खरा होतो. पुढे जे सांगते आहे ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

माणसं, वार, जागा

सुरुवातीला तीन माणसं पुरतात. जास्तीत जास्त बारा. त्यापुढे आज कोण आलं नाही हे लक्षात येईनासं होतं, आणि जिथे आपण नसल्याचं कुणाला कळतच नाही तिथून माणूस हळूहळू सुटत जातो. संख्या वाढली तर दुसऱ्या वारी दुसरी बैठक सुरू करा.

बोलावताना "कधी वेळ मिळाला तर या" असं म्हणू नका. "आठ आठवडे यायचं, मग पुढचं ठरवा," असं सांगा. आठ आठवडे ही कुणालाही पेलणारी मुदत आहे आणि तेवढ्यात हे आपल्याला रुचतंय की नाही ते ज्याचं त्याला समजतं. वार आणि वेळ एकदा ठरली की बदलायची नाही. एकाच्या सोयीसाठी वार हलवला की दुसऱ्या दोघांचा चुकतो.

जागा साधी चालते. कुणाच्या घरची खोली, एखादं सभागृह, वाचनालयाचा कोपरा, काहीही. फक्त दर आठवड्याला तीच हवी. सतरंजी आणि खुर्च्या दोन्ही ठेवा आणि खुर्चीवर बसणं ही कमी प्रतीची साधना आहे असं कुणालाही वाटू देऊ नका. सगळे गोलात बसा. बैठक चालवणारा कोपऱ्यात नको, मधोमध नको, उंचावर तर नकोच. उदबत्ती किंवा कोणताही सुगंध टाळा, कारण दम्याचा त्रास असलेला माणूस तसं बोलून दाखवत नाही, येणं बंद करतो. फोन बंद करून खोलीबाहेर ठेवायचे. आवाज बंद केलेला फोन लाकडी टेबलावर थरथरला की अख्ख्या खोलीला ऐकू जातो. पंख्याची घरघर किंवा रस्त्यावरची रहदारी यांची मात्र काळजी करू नका, मन त्यांना पाच मिनिटांत सरावतं.

बैठक चालवण्याचं काम पाळीपाळीने करा, एकाकडे सलग चार आठवडे. बोलायचे शब्द एका कागदावर लिहिलेले असले की नवखा माणूसही बैठक नीट चालवतो. वर्षानुवर्षं एकच जण चालवत राहिला की त्याच्याही नकळत तो गुरू होतो आणि बाकीचे श्रोते होतात.

एका तासाची आखणी

साठ मिनिटांची आमची विभागणी सांगते. पहिली पाच मिनिटं स्थिरावण्याची. मग पाच मिनिटं एकत्र प्रार्थना, वीस मिनिटं मौन, पंधरा मिनिटं मैत्री-करुणेचं ध्यान, दहा मिनिटं बोलणं आणि शेवटची पाच मिनिटं समारोपाची. गट नवा असेल तर वीस मिनिटांचं मौन जड जातं. पहिल्या आठवड्यात आठ मिनिटं बसा आणि दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवा, सातव्या आठवड्यात वीस होतात. तोवर उरलेला वेळ बोलण्याला द्या, नव्या गटाला त्याची गरजही असते.

संपण्याची वेळ सुरुवातीच्या वेळेइतकीच पाळा. पुढे कुणाला घरी आजारी माणसाकडे जायचं असतं, कुणाची शेवटची गाडी असते. बैठक लांबली की त्यांचं अर्धं चित्त दाराकडे लागतं.

मौन

चालवणाऱ्याने एवढंच बोलावं, सावकाश आणि नेहमीच्या आवाजात:

"पाठ सरळ ठेवा, पण ताणू नका. हात मांडीवर सैल असू द्या. डोळे मिटा, किंवा नजर समोर जमिनीवर सोडा. श्वास जसा येतोय तसा येऊ द्या. तो आत जाताना कुठे जाणवतो तेवढं पाहा. मन दुसरीकडे गेलं असं लक्षात आलं की परत या. कितीही वेळा गेलं तरी परत या."

मग गप्प बसावं. निम्मा वेळ झाल्यावर एकदाच "परत श्वासावर" म्हणावं, त्याहून जास्त नाही. नव्या माणसाला शांतता रिकामी वाटते आणि तो ती शब्दांनी भरू पाहतो. मीही सुरुवातीला दर मिनिटाला काहीतरी सांगत असे. एका आजोबांनी बैठकीनंतर माझ्या हातावर हात ठेवून म्हटलं, "पोरी, जरा आम्हाला बसू दे." तेव्हापासून कागदावरच्या शब्दांपलीकडे मी गेले नाही.

मन भरकटणं हा दोष नाही, हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगा. भरकटलं हे कळणं आणि परत येणं, ध्यानाचा व्यायाम हाच. पायाला मुंग्या आल्या तर आवाज न करता पाय मोकळा करावा. गुडघा दुखत असताना हट्टाने मांडी मोडायची नाही असं काही नाही. डोळा लागत असेल तर डोळे उघडून बसावं. कुणी घोरायलाच लागलं तर शेजाऱ्याने खांद्याला हलकेच हात लावावा, नंतर त्यावरून चेष्टा नको. दिवसभर राबून आलेला माणूस सुरक्षित जागी बसला की त्याला झोप येणारच.

मैत्री आणि करुणा

हा तासाचा गाभा आहे आणि इथे घाई करू नये. पाचव्या शतकात बुद्धघोष या बौद्ध आचार्यांनी 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात मैत्रीभावनेचा क्रम दिला आहे: आधी स्वतः, मग ज्याच्याविषयी आदर आणि जिव्हाळा आहे तो, मग ज्याच्याशी देणंघेणं नाही असा, आणि सगळ्यांत शेवटी ज्याच्याशी वैर आहे तो. शेकडो वर्षांच्या अनुभवातून आलेला हा क्रम बदलू नका. एकदम शत्रूपासून सुरुवात केली की मनात राग उफाळतो आणि माणसाला वाटतं, आपल्याला हे जमणारच नाही.

प्रत्येकासाठी तीनच वाक्यं मनात म्हणायची: "तू सुरक्षित राहो. तुझं दुःख हलकं होवो. तुला शांतता लाभो." स्वतःसाठी म्हणताना "मी" आणि "माझं". दर टप्प्याला तीन मिनिटं, म्हणजे चार टप्प्यांची बारा, आणि शेवटची तीन मिनिटं सगळ्या जीवांसाठी.

पहिला टप्पा, स्वतःचा, सोपा वाटतो पण अनेकांना तिथेच अडतं. स्वतःसाठी काही मागणं त्यांना स्वार्थाचं वाटतं. त्यांना सांगा, स्वतःऐवजी लहानपणचे तुम्ही डोळ्यांसमोर आणा, सात-आठ वर्षांचे. त्या मुलाला शांतता लाभो म्हणायला कुणालाच जड जात नाही.

तिसऱ्या टप्प्यासाठी रोज दिसणारा पण नावही माहीत नसलेला माणूस निवडा. मला हा टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. प्रियजनांवर माया आपोआप असते, वैऱ्याचा विचार आपोआप येतो. पण या तिसऱ्या माणसाकडे आपण पाहतच नाही. आमच्या गटातल्या एकीने तिच्या इमारतीचा जिना झाडणाऱ्या बाईंना निवडलं. महिनाभराने ती म्हणाली, "परवा पहिल्यांदा लक्षात आलं, त्यांचा डावा हात नीट वर जात नाही. तीन वर्षं मी रोज त्यांच्या बाजूने गेले होते." त्या आठवड्यापासून वरच्या कठड्याची धूळ ती स्वतः पुसू लागली.

चौथ्या टप्प्यासाठी आयुष्यातला सर्वांत मोठा घाव आधी घेऊ नका. रांगेत घुसलेला, कामात खोडा घालणारा, अशा हलक्या कुरबुरीपासून सुरू करा. आणि शुभेच्छा देणं म्हणजे त्याचं वागणं बरोबर ठरवणं नव्हे, हे चालवणाऱ्याने दर वेळी बोलावं. ज्याने खरोखर छळ केला आहे त्याला ध्यानात आणायची सक्ती कुणावरही नको. पतंजलीच्या योगसूत्रांत पहिल्या पादातलं तेहतिसावं सूत्र सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता म्हणजे आनंद आणि अपुण्यवानाविषयी उपेक्षा सांगतं. काही माणसांच्या बाबतीत द्वेष न करता दूर राहणं एवढंच आज जमण्यासारखं असतं, आणि तेही साधनेतच धरलेलं आहे.

करुणा करताना एक फसगत होते. दुसऱ्याचं दुःख ऐकून आपणच त्यात बुडतो आणि त्याला करुणा समजतो. बुद्धघोषाने शोकाला करुणेचा जवळचा शत्रू म्हटलं आहे: दिसायला तिच्यासारखा, पण तिला गिळणारा. मेंदूच्या अभ्यासातही याच्याशी जुळणारं काही सापडलं. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी काही लोकांना आधी दुसऱ्याच्या वेदनेत सामील व्हायचं आणि नंतर करुणेचं प्रशिक्षण दिलं. आधीच्या प्रशिक्षणाने दुसऱ्यांचे हाल पाहताना होणारी घालमेल वाढली. करुणेच्या प्रशिक्षणानंतर आपुलकीची, बळ देणारी भावना आली, आणि मेंदूचे वेगळे भाग जागे झालेले दिसले. बैठकीत याचा उपयोग असा: कुणाचं दुःख आठवून छाती जड झाली तर दुःखावरचं लक्ष काढून "तुझं दुःख हलकं होवो" या इच्छेवर आणा. ती इच्छा ऊबदार असते, तिच्यात थांबता येतं.

प्रार्थना

गटात देव मानणारे, न मानणारे, वेगवेगळ्या धर्मांचे लोक असतील तर प्रार्थनेवरून पहिला खटका उडतो. मजकूर निवडताना मी तीन गोष्टी बघते. प्रत्येकाला तो खोटेपणा न वाटता म्हणता यावा. त्यात कुणावर विजय मागितलेला नसावा. आणि प्रत्येक ओळ एका श्वासात बसावी. आम्ही म्हणतो ती अशी:

"आमचं मन शांत होवो.
आमच्या बोलण्याने कुणी दुखावलं जाऊ नये.
ज्यांना आज आधार नाही त्यांना तो मिळो, आणि जमेल तिथे आमच्या हातून मिळो.
ज्यांच्याशी आमचं पटत नाही त्यांचंही भलं होवो."

तुमची तुम्ही लिहा, आठ दिवस घासूनपुसून घ्या आणि मग निदान वर्षभर बदलू नका. पाठ झाल्याशिवाय प्रार्थना आत उतरत नाही. सावकाश म्हणा, ओळीमागून ओळ, प्रत्येक ओळीनंतर पूर्ण श्वास. या संथपणाचा शरीरावरही परिणाम होतो. लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी 2001 साली 23 निरोगी प्रौढांवर केलेल्या अभ्यासात लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हूं' हा मंत्र या दोन्हींनी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत खाली आली आणि हृदय व रक्ताभिसरणाच्या लयी एकमेकींशी जुळू लागल्या. दोन वेगळ्या परंपरा, भाषा वेगळ्या, पण श्वासाचं माप तेच.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना फार जपा. अमेरिकेत बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या 1802 रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेमुळे रुग्णांमधली गुंतागुंत कमी झाली नाही. उलट, आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ती थोडी जास्तच आढळली, 59 टक्के. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण ते खात्रीने माहीत नव्हतं त्यांच्यात 52 टक्के. तेव्हा "आम्ही प्रार्थना केली आहे, तुम्ही बरे व्हालच" असं आजाऱ्याला कधीही म्हणू नका. त्याच्यावर बरं होण्याचं ओझं येतं. औषधाला पर्याय म्हणून तर प्रार्थना पुढे करूच नका. ती त्याची आठवण धरून ठेवण्यासाठी आणि आपल्या पायांना त्याच्या घरापर्यंत नेण्यासाठी आहे. नावं घेताना त्या व्यक्तीला विचारलेलं असावं. नसेल तर नाव मनातच घ्या. कुणाचा आजार किंवा घरातली अडचण प्रार्थनेच्या निमित्ताने चारचौघांत पसरणं हा मोठा अपराध आहे.

बोलण्याची दहा मिनिटं

सगळ्यांनी बोललंच पाहिजे असं नाही. बोलायचं ते स्वतःविषयी, दीड-दोन मिनिटं. कुणी सल्ला द्यायचा नाही, मागितल्याशिवाय तर नाहीच. "माझंही अगदी असंच झालं" म्हणून दुसऱ्याचं बोलणं आपल्याकडे ओढायचं नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या क्वेकर पंथाची मौन उपासना बघण्यासारखी आहे: सगळे शांत बसतात, आतून उमटलं तरच कुणी उठून थोडंसं बोलतो, आणि त्यानंतर पुन्हा शांतता राहते, बोललेलं मुरायला. आम्ही तेवढं उचललं. एकाचं बोलून झालं की तीन श्वास सगळे गप्प. या तीन श्वासांमुळे वादाची वेळ आमच्याकडे जवळजवळ येतच नाही.

खोलीत बोललेलं खोलीतच राहील, हे दर आठवड्याला मोठ्याने म्हणा. दर आठवड्याला, कारण दर आठवड्याला कुणीतरी नवं असू शकतं.

कुणी रडलं तर लगेच पाण्याचा पेला, रुमाल, पाठीवर थोपटणं असं करू नका. त्याला वाटतं, आता गप्प व्हायला हवं. शेजारी बसून राहा. मात्र ध्यानात कुणाला वारंवार घाबरायला होत असेल, जुने आघात डोळ्यांसमोर येत असतील, झोप उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर ध्यान वाढवण्याचा सल्ला देऊ नका. थांबवायला सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सोबत करा. ध्यान प्रत्येकाला प्रत्येक वेळी मानवतंच असं नाही.

आठवड्याचे बाकीचे सहा दिवस

बैठकीचा तास संपला की काम संपत नाही. रोज दहा मिनिटं घरी बसायचं, त्याच वेळी, त्याच जागी. आणि समारोपाच्या पाच मिनिटांत प्रत्येकाने मनाशी एक छोटी कृती ठरवायची, कुणाला न सांगता: कुणाला तरी फोन, एखादी माफी, शेजाऱ्याचं एखादं काम. मोठं काही नको, मोठं ठरवलं की पुढच्या आठवड्यावर जातं.

बसण्याचा वागण्यावर काही परिणाम होतो का? पॉल कॉन्डन, डेव्हिड डिस्टेनो आणि सहकाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात आठ आठवडे ध्यान शिकलेल्यांना काही चाचण्यांचं कारण सांगून बोलावलं. प्रतीक्षाकक्षात तीन खुर्च्या. दोन आधीच भरलेल्या, तिसरीवर ते स्वतः बसलेले. मग कुबड्या घेतलेली, वेदनेने विव्हळणारी एक तरुणी आत येते, आणि शेजारचे दोघे, जे प्रयोगाचाच भाग होते, तिच्याकडे बघतही नाहीत. ध्यान शिकलेल्यांपैकी निम्म्यांनी उठून तिला खुर्ची दिली. ध्यान न शिकलेल्यांत हे प्रमाण 16 टक्के होतं. मला त्यातले शेजारचे दोघे महत्त्वाचे वाटतात. आजूबाजूचे सगळे फोनमध्ये डोकं घालून बसलेले असताना आपण उठतो का, हा खरा प्रश्न.

पैसे आणि प्रसिद्धी यांबद्दल थोडक्यात. शुल्क ठेवू नका. जागेचा खर्च असेल तर पेटी ठेवा आणि हिशेब सगळ्यांसमोर मांडा. बैठकीत कुणी काही विकत असेल, मग ती वस्तू असो, विमा असो किंवा दुसरं शिबिर, पहिल्याच वेळी बाजूला घेऊन प्रेमाने पण ठामपणे थांबवा.

येणं थांबलेला माणूस

दोन आठवडे कुणी आलं नाही की गटातल्या एकाने फोन करायचा. तिसऱ्याची वाट पाहू नका, तोवर त्याला परत यायची लाज वाटायला लागते. "का आला नाहीत?" असं विचारलं की माणूस कारणं शोधतो. आम्ही म्हणतो, "दोन वेळा तुमची आठवण आली, म्हणून फोन केला. बरे आहात ना?" एवढंच. यायचा आग्रह नाही. त्याने यायचं बंद केलं असं सांगितलं तर बरं म्हणावं आणि तरीही चार महिन्यांनी एकदा फोन करावा.

आमच्याकडे एक काका असे वर्षभर आले नाहीत. पत्नी गेल्यावर त्यांना कुणाबरोबर बसवेना. त्यांची खुर्ची आम्ही गोलातून काढली नाही, आणि चार महिन्यांनी एक असे तीन फोन झाले. एका संध्याकाळी सातला पाच मिनिटं असताना ते आले, खुर्चीवर बसले, इकडे-तिकडे पाहिलं आणि डोळे मिटले. सात वाजले. घंटा वाजवायची पाळी माझी होती.